अस्मानी-सुलतानीचं कलम

भोर, १२ नोव्हेंबर १९४०

गेनबा शेडगे, मुक्काम पासली, यांस केशव मोघे वकील याचा नमस्कार.

पासलीच्या नदीवर साकव बांधण्याचे काम तुमच्याकडेच द्यावे असे आमच्या मंडळीत परवा ठरले. मंडळी म्हणजे आम्ही भोरातले काही वकील, कारकून आणि दोन-तीन दुकानदार. पावसाळ्यात नदीपलीकडे अडकणाऱ्या गावांसाठी काही करावे म्हणून एकत्र आलो आहोत. माझ्याकडे लिहिण्याचे काम आहे. केळदच्या ओढ्यावरचा तुमचा साकव आमच्यातल्या एकाने पाहिला होता. त्याच्या शब्दावर सगळ्यांनी मान डोलावली.

कराराचा मसुदा सोबत पाठवतो. दगडी खांब आणि लाकूडकाम तुमचे, लोखंडी बोल्ट, पट्ट्या आणि साखळी आम्ही पुरवायची. हे सगळे बोलण्यात झालेलेच आहे. नववे कलम मात्र नवे आहे, ते नीट वाचून घ्या. 'अस्मानी अगर सुलतानी कारणाने, म्हणजे अतिवृष्टी, महापूर, वीज, वणवा, रोगाची साथ, लढाई, सरकारी हुकूम अथवा मक्तेदाराचा मृत्यू, यामुळे काम थांबल्यास उभय पक्ष करारातून मोकळे होतील व कोणाकडे दोष राहणार नाही.' माणसाच्या हातात जे नाही त्याबद्दल त्याला धरू नये, एवढाच याचा अर्थ. हे तुमच्या संरक्षणासाठी घातले आहे. करारात असे कलम नसले की पुढे कज्जे होतात, हे मी रोज पाहतो.

मसुदा पसंत असल्यास सही करून पाठवा.

केशव मोघे


पासली, कार्तिक वद्य, १९४०

वकीलसायबांना गेनबाचा रामराम.

कागद पोचला. आमच्या गावचा कुंडलिक गुरव देवळातली पूजा करतो आन् गावाची पत्रं बी लिहितो. त्याला सांगितलंय, म्या जसं बोलतो तसंच लिही, शहाणपण करू नको.

करार चांगला हाय. सही करतो. पण नवव्या कलमातलं 'अतिवृष्टी' आन् 'महापूर' हे दोन शब्द खोडा.

कारण सांगतो. अतिवृष्टी म्हंजे जास्तीचा पाऊस. पासलीत जास्तीचा पाऊस म्हंजे काय, ते आमच्या बापजाद्यांनाबी कळलं न्हाई. हितं आषाढात दोन दोन हप्ते सूर्य दिसत न्हाई. भात त्याच पाण्यावर खातो आमी. नदी दर साली गावात पाय ठेवून जाते. आता साकव बांधायचा तो पुरासाठीच, आन् पूर आला म्हणून म्या मोकळा, असं लिहून दिलं तर गाव मला काय म्हणेल? होडी बांधणाऱ्यानं पाण्याची सबब सांगावी तसं व्हईल.

वीज, वणवा, साथ, लढाई ऱ्हाऊ द्या. सरकारी हुकूम ऱ्हाऊ द्या. मरणबी ऱ्हाऊ द्या, ते आपल्या हातातलं न्हाई.

दोन सालामागं आषाढातच माझ्या भावाची, सोनबाची बायको अडली. वेल्ह्याला दवाखाना हाय, पण मधी नदी. तिला डोलीत घालून आमी काठावर उभं ऱ्हायलो. पाणी उतरायच्या आधी ती गेली. लेकरूबी गेलं. सोनबा तवापासनं फार बोलत न्हाई. हे तुमास्नी दया यावी म्हणून लिहीत न्हाई. पुराला सबब का म्हणत न्हाई, ते कळावं म्हणून लिहिलं.

गेनबा


भोर, २८ नोव्हेंबर १९४०

गेनबा, नमस्कार.

तुमचे पत्र मंडळीत वाचून दाखवले. एक गृहस्थ म्हणाले, अडाणी हट्ट आहे, कलम तसेच ठेवा. मी म्हणालो, कायद्याने पाहिले तरी हा माणूस बरोबर आहे. जे दर वर्षी येते, जे ठाऊक असूनच काम घेतले, त्याला आपत्ती म्हणता येत नाही. उच्च न्यायालयातले वकीलही हेच म्हणतील, फक्त जास्त वेळ घेऊन.

दोन्ही शब्द खोडून शेजारी माझी सही केली आहे. तुमचीही करा. तुमच्या भावजयीचे घरीही वाचून दाखवले. माझी पत्नी कुंदा हिने तेवढे विचारले, साकव किती रुंद होणार, डोली जाईल ना.

काम सुरू करावे.

केशव मोघे


पासली, फाल्गुन शुद्ध, १९४१

वकीलसायेबांना बनाबाईचा नमस्कार. म्या गेनबाची बायको. कुंडलिक लिहितोय.

घरधनी गेले. ऐनाची झाडं तोडायला वरच्या रानात गेले होते, सोनबा संगं होता. झाड पडताना त्याला अडकलेली वाळकी फांदी वरनं आली. घरी आणलं तवा बोलत होते. सकाळी गेले.

काठाचे दोन्ही खांब उभे झालेत. मधला खांब कमरेएवढा झालाय. तुळयांसाठी झाडं तोडून नदीवर आणलीत, दोन राहिलीत.

पुढं काय, ते कळवावं.

बनाबाई


भोर, १० मार्च १९४१

गं. भा. बनाबाई शेडगे यांस.

तुमचे पत्र वाचून फार वाईट वाटले. गेनबांना मी एकदाच पाहिले, सही करायला आले तेव्हा. चहा घेतला नाही, पाणी घेतले. आमच्या ओट्याच्या तुळईला हात लावून म्हणाले, ही सागाची न्हाई. मी इतकी वर्षे ती सागाची समजत होतो. असा माणूस जावा याचे दुःख मला शब्दांत सांगता येत नाही.

तुम्ही 'पुढं काय' असे विचारले आहे. या काळात तुम्हाला त्याची काळजी वाटणे साहजिक आहे. तुम्ही निश्चिंत असा. करारातल्या नवव्या कलमात मक्तेदाराचा मृत्यू हे कारण आम्ही घातलेले आहे. त्याप्रमाणे करार संपला. तुमच्या घरावर काडीचीही जबाबदारी राहत नाही. झालेल्या कामाचा मोबदला मंडळी पुरा पोहोचवील. राहिलेले काम आता पुण्याच्या एका ठेकेदाराकडे द्यावे असे मंडळींच्या मनात आहे. तोडलेली लाकडे त्यांच्या ताब्यात द्यावी.

तुम्ही आता घराकडे आणि शेताकडे पाहावे. साकवाची चिंता करू नये.

केशव मोघे


पासली, फाल्गुन वद्य, १९४१

वकीलसायेब,

म्या 'पुढं काय' इचारलं ते बोल्ट आन् पट्ट्या कवा येतील, म्हणून इचारलं. तुमी दुसरंच समजलात.

कलम म्या परत परत वाचून घेतलं. तुमचं बरोबर हाय. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मरण ऱ्हाऊ द्या. त्यामुळं त्यांचा करार त्यांच्याबरोबर गेला. त्याबद्दल म्या भांडत न्हाई.

आता माझा करार करा.

तुमास्नी वाटंल ही बाई काय साकव बांधणार. केळदच्या ओढ्यावर ते बांधत होते तवा दगड कोण लावत होतं? खालच्या अंगाला म्या होते. कुठला दगड कुठं बसंल ते म्या सांगायची, ते वर लाकडाचं बघायचे. आमचं काम दोघांचं होतं. कागदावर एकाचं नाव घालतात म्हणून ते एकाचं झालं. लाकडासाठी सोनबा हाय, त्याचा हात भावाएवढाच बसलाय. गावातले चारजण येतात.

पुण्याच्या ठेकेदाराला लाकडं द्या म्हणता. तो माणूस आमच्या नदीला वळखत न्हाई, आन् नदीबी त्याला वळखत न्हाई. लाकडं म्या देणार न्हाई. करार झाला तर साकवाला लावीन. न्हाई झाला तर तुमचे पैसे परत पाठवीन आन् तरीबी साकवालाच लावीन. मग त्याला तुमचं लोखंड नसंल, एवढंच.

बनाबाई

ता. क. हे माझं, कुंडलिकाचं. तुमचं पत्र म्या बाईंना वाचून दाखवलं. उठून नदीवर गेल्या आन् पडलेल्या ओंडक्याची साल काढायला बसल्या. दिवस मावळला तरी तितंच होत्या. सोनबा दुसरी कुऱ्हाड घेऊन शेजारी जाऊन बसला. बाईंना हे लिहिलेलं ठाऊक न्हाई.


भोर, २ एप्रिल १९४१

बनाबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी घरी मोठ्याने वाचत होतो. कुंदा भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "तिनं मागितलं होतं काय आणि तुम्ही दिलंत काय? तिनं काम विचारलं, तुम्ही सुटका दिलीत." मी म्हणालो, मी चांगल्या मनानेच लिहिले. ती म्हणाली, "चांगल्या मनानंच माणसं बायकांना घरी बसवतात." मग मी तुमचे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. वकिली करून मला पुष्कळ वर्षे झाली.

मंडळीत मात्र सोपे गेले नाही. दोघांनी विरोध केला. बाईचा करार, त्यातून विधवा, त्यातून डोंगरातली, उद्या काही झाले तर जबाबदार कोण, असे म्हणाले. मी म्हणालो, चला, बघून येऊ. आम्ही तिघे वेल्ह्यापर्यंत गाडीने आणि पुढे चालत आलो. त्या दिवशी तुम्ही शेताच्या कामाला गेला होतात, सोनबा भेटले. ते फार बोलत नाहीत हे खरे. आमच्यातल्या दुकानदारांनी खांब बघून विचारले, हा पुरात टिकेल कशावरून? सोनबांनी तुम्ही लावलेल्या कोपऱ्यातला एक दगड दाखवला आणि पहार त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "काढा." दुकानदार घामाघूम झाले. परत येताना तेच म्हणाले, बाईलाच द्या.

नवा करार तुमच्या नावाने सोबत आहे. नववे कलम गेनबांच्या वेळेसारखेच ठेवले आहे. खोडायचे असेल तर आत्ताच सांगा.

केशव मोघे


पासली, चैत्र वद्य, १९४१

वकीलसायेब,

तुमी आलात आन् म्या घरी न्हवते. सोनबानं तुमाला पाणी तरी दिलं का, ते इचारलं तर म्हणाला, पहार दिली. माणसाची ही तऱ्हा. राग मानू नका.

कलमात पाऊस आन् पूर खोडलेलाच ऱ्हाऊ द्या. तो त्यांचा शब्द हाय, म्या तो परत आत घेणार न्हाई.

आन् 'मक्तेदाराचा मृत्यू' खोडा.

त्यांनी मरण ऱ्हाऊ दिलं, कारण तवा ते आमच्या घरात आलं न्हवतं. आता येऊन गेलंय. मरणानं काम थांबतं का, ते म्या बघितलं. थांबत न्हाई. त्याच्या जागी असं लिहा, की मक्तेदार बनाबाई मयत झाली तर तिचा दीर सोनबा काम पुरं करील, आन् त्यालाबी काही झालं तर पासली गाव करील. गावानं सगळ्यांसमोर देवळात व्हय म्हटलंय. कुंडलिकानं नावं लिहून घेतलीत, हितं जोडली हायेत. काहींचे अंगठे हायेत, पण तेबी नावच हाय.

सही म्या स्वतः केली. कुंडलिकाकडनं तेवढं शिकून घेतलं. 'ब' जरा वाकडा आलाय.

बनाबाई


भोर, २६ एप्रिल १९४१

बनाबाई यांस नमस्कार.

माझ्या हातून असे कलम कधी लिहिले गेले नव्हते. 'मक्तेदाराचा मृत्यू' खोडला आणि तुमचे वाक्य जसेच्या तसे घातले. न्यायालयात याचे काय होईल मला ठाऊक नाही. एक गाव मरण पावत नाही, असे कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही. पण मंडळींपैकी कोणी हरकत घेतली नाही. विरोध करणाऱ्या दोघांनीही सही केली.

'ब' वाकडा नाही. मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो त्या साहेबांचा त्याहून वाकडा असे.

पावसाआधी मधला खांब पुरा झाला तर उत्तम. लोखंड पावसाळा उलटल्यावर पाठवतो, तुळया चढवायच्या वेळेला.

केशव मोघे


भोर, ५ डिसेंबर १९४१

बनाबाई यांस,

हे पत्र लिहायला मी पुष्कळ दिवस टाळाटाळ केली.

लढाईमुळे लोखंडावर सरकारी नियंत्रण आले आहे. पुण्याच्या व्यापाऱ्याकडे आमची मागणी दिवाळीपूर्वीच नोंदवलेली होती. त्याने आता कळवले की परवान्याशिवाय एक बोल्टही देता येत नाही, आणि लढाईच्या कामाशिवाय परवाना मिळत नाही. मी स्वतः पुण्याला दोनदा जाऊन आलो. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवले. शेवटी एका भल्या साहेबाने स्पष्टच सांगितले, लढाई संपेपर्यंत विसरा.

मंडळी कालच बसली. नवव्या कलमात 'लढाई' आणि 'सरकारी हुकूम' ही दोन्ही कारणे आहेत. त्याप्रमाणे लोखंड पुरवण्याच्या जबाबदारीतून आम्ही मोकळे झालो, आणि तुम्हीही करारातून मोकळ्या झालात. कोणाकडे दोष नाही. मंडळीच्या वतीने हे कळवणे माझे काम आहे, म्हणून कळवतो.

हे कलम मी लिहिले तेव्हा वाटले होते की ते डोंगरातल्या माणसाच्या उपयोगी पडेल. त्याचा आधार आम्हा भोरकरांनाच घ्यावा लागला. मला हे लिहिताना बरे वाटत नाही.

केशव मोघे


पासली, मार्गशीर्ष वद्य, १९४१

वकीलसायेब,

तुमचं बरोबर हाय. लढाई तुमी लावली न्हाई, हुकूम तुमी काढला न्हाई. तुमी मोकळे. मनाला लावून घेऊ नका.

कलम दोघांना मोकळं करतं, असं कुंडलिक म्हणतो. म्या त्याला म्हटलं, दार उघडलं म्हणून घर सोडून जायचं असतं का?

तीनही खांब उभे हायेत. यंदाचा पूर त्यांच्या डोक्यावरनं गेला आन् एक दगड हालला न्हाई. आता बोल्टाच्या जागी लाकडाच्या खुंट्या मारू. आमच्या घराच्या आढ्यात लोखंड न्हाई, आजेसासऱ्यानं बांधलंय, अजून उभं हाय. सोनबा खैराच्या खुंट्या तासतोय. पट्ट्यांच्या जागी खाचा पाडून तुळया एकीत एक बसवू. येळ लागंल, पण व्हईल.

एकच अडचण हाय. मोठ्या पुरात तुळया उचलल्या गेल्या तर वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांना काठावरच्या खडकाला बांधून ठेवावं लागतं. त्याला साखळी लागते. दोरखंड कुजतो, येल तुटतात. लाकडाची साखळी अजून कोणी केली न्हाई. सोनबा म्हणतो बघू. म्याबी म्हणते बघू.

तुमच्याकडनं काही मागत न्हाई. हाय तसं सांगितलं.

बनाबाई


भोर, १८ जानेवारी १९४२

बनाबाई यांस नमस्कार.

तुमचे पत्र मंडळीत वाचले. मग ते दुकानदार, ज्यांना सोनबांनी पहार दिली होती, ते म्हणाले, "वकील, सरकारनं दुकानातलं लोखंड बंद केलंय. घरातलं केलंय का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग माझ्या झोपाळ्याच्या कड्या घ्या."

त्यानंतर काय झाले ते सांगताना मला हसू येते. आम्ही गल्लीगल्लीतून फिरलो. भोरात ब्राह्मणआळीत, बाजारपेठेत ज्यांच्या ज्यांच्या घरी झोपाळा आहे त्यांच्या दारात उभे राहिलो आणि साकवाची गोष्ट सांगितली. काहींनी दार लावून घेतले. पुष्कळांनी लावले नाही. एका म्हाताऱ्या आजींनी आम्हाला थांबवून ठेवले. दुपारची वामकुक्षी शेवटची झोपाळ्यावर काढली आणि मग म्हणाल्या, न्या आता. आमच्या घरच्या कड्या कुंदानेच शिडी लावून काढल्या.

त्या सगळ्या कड्या सोबतच्या बैलगाडीतून येत आहेत. एकीत एक अडकवल्या की साखळी होईल, असे लोहार म्हणतो. येत्या उन्हाळ्यात भोरात बहुतेक घरी झोपाळा नसेल. पाट नुसते भिंतीला टेकून उभे आहेत.

मंडळीने ठराव केला की नवव्या कलमाचा आधार आम्ही घेत नाही. तो शब्द मी परत घेतो. करार जसा होता तसा आहे.

केशव मोघे


पासली, माघ शुद्ध, १९४२

वकीलसायेब,

गाडी पोचली. अख्खं गाव कड्या बघायला आलं. धोंडाबाई म्हणून माझी शेजारीण हाय, ती म्हणाली, भोरच्या लोकांनी आपल्यासाठी दागिने उतरवले. तसंच दिसत होतं.

सोनबानं एकेक कडी खडकावर घालून ओढून बघितली. लोखंडाच्या समद्या ठेवल्यात. पितळेच्या परत पाठवते. त्या देखण्या हायेत, पण वजनाला वाकतात. त्यात मोरांची नक्षी असलेली एक जोडी हाय, ती कुणाची म्हणून गाडीवानाला इचारलं. तो म्हणाला, वकीलसायबांची. राग मानू नका.

त्या आजींच्या कड्या लोखंडाच्याच होत्या. त्या मधल्या खांबाला लावल्यात, जितं वढ जास्त असती.

बनाबाई


भोर, ९ फेब्रुवारी १९४२

बनाबाई यांस,

माझ्या कड्या परत आल्या तेव्हा मी तोंड पाडून बसलो होतो आणि कुंदा पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी तिनेच उपाय काढला. आमच्या विहिरीच्या रहाटाची साखळी अस्सल लोखंडाची आहे. तिच्या जागी आता सुंभाचा दोर लावला आहे. साखळी पाठवतो. ही तरी सोनबांना पसंत पडावी.

केशव मोघे


पासली, वैशाख वद्य, १९४२

वकीलसायेब,

साखळी पसंत पडली. पलीकडच्या काठाला लावली.

साकव झाला.

काल समदं गाव त्याच्यावरनं जाऊन आलं. आधी बैल नेला, मग माणसं. पलीकडची वेल्ह्याच्या अंगाची माणसं नारळ घेऊन आली होती. म्या मधी उभी ऱ्हायले आन् खाली बघितलं. खाली नदी बारीक होती, उन्हाळ्याची. पायाखाली फळी जराबी वाजत न्हवती. त्यांना फळी वाजलेली आवडत नसे.

तुमी आन् कुंदाताई पाऊस सुरू व्हायच्या आधी येऊन जा. या खेपेला म्या घरी आसंन.

बनाबाई


पासली, आषाढ वद्य, १९४२

वकीलसायेब,

पाऊस लागलाय. पत्र कवा मिळंल ठाऊक न्हाई, पण सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई.

परवा नदी चढली. दुपारपर्यंत पाणी तुळयांना लागलं, मग फळ्यांवरनं जाऊ लागलं. गाव काठावर येऊन उभं ऱ्हायलं. वरनं एक उंबराचं झाड मुळासकट वाहत आलं आन् मधल्या खांबाला आडवं बसलं. समदा साकव गदगद हालला. एक तुळई खाचेतनं उचलली गेली. ती गेली असं समद्यांनी धरलं. पण साखळीनं वढून धरली. झाड फिरलं, निघून गेलं, आन् तुळई हातभर सरकून खांबावरच बसली. सोनबानं पाणी उतरल्यावर ती मागं घेऊन खुंटी मारली.

हे झालं आन् दुसऱ्या दिवशी धोंडाबाई अडली. सकाळपासनं तिला सोसंना. सुईण म्हणाली, हितं व्हायचं न्हाई, दवाखान्यात न्या. पाणी फळ्यांच्या खालनं, पण लई जोरानं चाललं होतं. डोली उचलायला चौघं पायजे होते. तिघं पुढं झाले. चौथा कोण म्हणून इचारायच्या आत सोनबानं पुढच्या दांड्याला खांदा लावला होता.

म्या काठावर उभी होते. त्याच काठावर मागं आमी डोली खाली ठेवून थांबलो होतो. सोनबा थांबला न्हाई. त्यानं खालीबी बघितलं न्हाई. साकवावरनं सरळ चालत गेला, आन् पावसात चौघं दिसंनासे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. काठावर बाया वाट बघत होत्या. म्या इचारलं, काय झालं? म्हणाला, "पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत." आन् मग माझ्या घरी येऊन जेवायला बसला आन् बोलत ऱ्हायला. वेल्ह्याच्या डाक्टरचं बोलला, रस्त्यातल्या चिखलाचं बोलला, ती पोरगी रडली कशी ते बोलला. माझी भाकरी तव्यावर करपली, तरी म्या त्याला मधी तोडलं न्हाई.

बनाबाई


भोर, ४ ऑक्टोबर १९४२

बनाबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र फार उशिरा मिळाले, पण मिळाले. मंडळीत वाचले, मग कुंदाने मागून घेऊन ज्या ज्या घरच्या कड्या गेल्या त्या सगळ्या घरी नेऊन वाचले. आजींनी दोनदा वाचायला लावले. त्या सगळ्यांना सांगत फिरतात की पासलीला माझी एक नात झाली.

आता एक काम. साकवाच्या तोंडाशी दगड बसवून त्यावर लेख कोरावा असे ठरले आहे. मी मसुदा केला आहे: 'कै. गेनबा शेडगे यांचे स्मरणार्थ, भोर येथील मंडळींच्या साहाय्याने हा साकव बांधण्यात आला.' तुम्हाला हा पसंत पडेल अशी खात्री आहे. पाथरवट दसऱ्यानंतर पासलीला येईल. संमती कळवावी.

केशव मोघे


पासली, आश्विन वद्य, १९४२

वकीलसायेबांना आन् कुंदाताईंना बनाबाईचा नमस्कार.

पाथरवट आलाय. देवळात उतरलाय. मसुदा त्याला अजून दिला न्हाई, कारण तो पसंत न्हाई.

तुमची खात्री परत चुकली. राग मानू नका.

ते गेले म्हणून साकव झाला न्हाई. ते गेले तरी झाला. काठाचे दोन खांब त्यांनी उभे केलेत. त्या खांबांवर त्यांचं नाव कोरायला सांगितलंय, ते पाण्यातनं जाणाऱ्याला बी दिसंल. स्मरणार्थ नको. काम त्यांनी केलं, म्हणून नाव.

तोंडाच्या दगडावर असं घाला: 'बनाबाई गेनबा शेडगे, पासली, हिने हा साकव बांधला. लाकूडकाम सोनबा शेडगे. साखळी भोरकरांनी आपल्या घरातून दिली.'

बाईनं आपलं नाव दगडावर घालू नये असं गावात एकजण म्हणाला. म्या त्याला म्हटलं, साकवावरनं जाऊ नको मग, नदीतनं जा. सोनबा हसला.

पाथरवट इचारतो, अक्षरं किती खोल घ्यायची. म्या त्याला बोटाचं पेर दाखवलंय. तो म्हणतो, इतकी खोल देवळावरबी घेत न्हाईत. तुमीबी त्याला पेरभर खोलच घे, असं लिहून कळवा. हितं दगडाला शेवाळ लई धरतं.

बनाबाई